वाचक विचारतात : आयर्लंडचे २०१८ हे वर्ष

गेल्या अंकात याच सदरात आयर्लंडच्या राज्यघटनेतील आठव्या दुरुस्तीविषयी एक लहानसे उत्तर छापले होते. गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घालणारी ती दुरुस्ती २५ मे २०१८ रोजी तेथील मतदारांनी सार्वमताने रद्द केली, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर अपेक्षेपेक्षा पुष्कळ पत्रे आली आणि बहुतेकांचा रोख 'हे नेमके कोणी घडवले' याकडे होता. म्हणून या वेळचे सदर त्या एका वर्षालाच दिले आहे. पत्रांतील मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : वराड गाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या मातीतल्या माणसाने परदेशात जाऊन तिथला शंभर वर्षांचा जुना कायदा मोडीत काढला, याचा आम्हांला अभिमान वाटतो. आपल्या उत्तरात लिओ वराडकर यांचे नावही नव्हते, हे कसे?
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : अभिमानाला हरकत घेणारा मी कोण? पण आपल्या वाक्यात तीन दुरुस्त्या कराव्या लागतील. पहिली अशी, की वराडकर परदेशात गेले नाहीत. त्यांचा जन्मच १८ जानेवारी १९७९ रोजी डब्लिनमध्ये झाला. वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे, मूळ गाव आपले वराड. आई मिरियम वॉटरफर्ड परगण्यातील डंगार्वनच्या, पेशाने परिचारिका. दोघांची ओळख इंग्लंडमध्ये नोकरी करताना झाली. दुसरी दुरुस्ती, ती तरतूद १९८३ची, म्हणजे पस्तीस वर्षांची होती. तिसरी सर्वांत महत्त्वाची : ती मोडीत काढण्याचा अधिकार वराडकरांना नव्हताच. आयर्लंडमध्ये पंतप्रधानांना टीशख म्हणतात, आणि टीशखांनाच काय, सगळ्या संसदेलाही राज्यघटनेतला एक स्वल्पविराम जनतेला विचारल्याखेरीज हलवता येत नाही.

१४ जून २०१७ रोजी वराडकर पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांचे सरकार अल्पमतात होते आणि फियना फॉल या प्रतिस्पर्धी पक्षाच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर तगून होते. सार्वमत घ्यायचे हे मंत्रिमंडळाने २९ जानेवारी २०१८ रोजी ठरवले. तोवर त्या प्रश्नाचा अभ्यास नागरिकांच्या एका सभेने आणि नंतर संसदेच्या संयुक्त समितीने पुरा केलेला होता. वराडकर स्वतः २०१०च्या सुमारास गर्भपाताच्या विरोधात बोलत असत. पुढे आपले मत बदलल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले, आणि पेशाने डॉक्टर असलेल्या नेत्याच्या तोंडून ते ऐकताना कुंपणावरच्या काही मतदारांना धीर आला असेल. त्यांचा वाटा एवढाच, आणि तो लहान नाही. निकालाच्या दिवशी त्यांनी स्वतः जे शब्द वापरले त्यांचा भाव असा होता, की गेली दहा-वीस वर्षे या देशात जी शांत क्रांती चालू होती तिची ही परिणती आहे. क्रांतीचा कर्ता म्हणून त्यांनी स्वतःकडे बोट दाखवले नाही. मग आपण तरी का दाखवावे? २०१९च्या डिसेंबरअखेरीस ते सहकुटुंब वराडला आले, तेव्हाही ते वडिलांचे गाव पाहायला आलेला मुलगा म्हणूनच आले होते.

प्रश्न : आपल्याकडे ३६८व्या कलमानुसार संसद घटनादुरुस्ती करते. आयर्लंडमध्ये लोकांनाच का विचारावे लागते? आणि गर्भपातासारखा विषय मुळात घटनेत गेलाच कसा? तो साध्या कायद्याचा विषय नाही का?
– कायद्याचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आपला दुसरा प्रश्नच खरा प्रश्न आहे, पण आधी पहिल्याचे उत्तर देतो. आयर्लंडची सध्याची राज्यघटना १९३७ साली जनमतानेच संमत झाली, आणि तिच्या ४६व्या कलमात प्रत्येक दुरुस्ती आधी संसदेच्या दोन्ही सभागृहांत व नंतर सार्वमतात संमत व्हावी, असे लिहिले आहे. आपल्या घटनाकारांनी राज्याची मार्गदर्शक तत्त्वे ही कल्पना याच घटनेवरून घेतली, हे आपण अभ्यासलेच असेल. सार्वमताची कल्पना मात्र त्यांनी घेतली नाही. एवढ्या अफाट आणि बहुभाषिक देशात ती न घेणेच शहाणपणाचे होते, असे माझे मत आहे. परंतु न घेतलेल्या गोष्टीचा अभ्यास करू नये असे थोडेच आहे?

आता दुसरा प्रश्न. आयर्लंडमध्ये गर्भपात हा १८६१च्या ब्रिटिश कायद्याने गुन्हाच होता, तेव्हा १९८३ साली त्याला घटनेत जागा देण्याची कायदेशीर निकड काहीच नव्हती. निकड होती ती भीतीची. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि त्याच वर्षी आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने, विवाहित जोडप्याच्या खासगीपणाच्या हक्काचा आधार घेऊन, संततिनियमनाच्या साधनांवरील आयात-बंदी रद्द केली. उद्या हेच न्यायालय याच युक्तिवादाने आणखी पुढे जाईल, या धास्तीने गर्भपातविरोधी गट संघटित झाले. १९८१ व १९८२ या दोन वर्षांत आयर्लंडमध्ये तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. अशा अस्थिर काळात प्रत्येक पक्षाकडून आश्वासन काढून घेणे सोपे असते, आणि तसे ते काढून घेतले गेले. ७ सप्टेंबर १९८३ रोजी ६६.९ टक्के मतांनी आठवी दुरुस्ती संमत झाली. न जन्मलेल्या जिवाचा जगण्याचा हक्क आणि आईचा जगण्याचा हक्क समान आहेत, असे तिने म्हटले. दोन हक्क समान ठरवून त्यांच्यात संघर्ष झाल्यास काय करावे हे मात्र तिने सांगितले नाही, आणि पुढची पस्तीस वर्षे या न सांगितलेल्या वाक्यानेच खाल्ली.

१९९२ साली अत्याचारातून गर्भवती झालेल्या चौदा वर्षांच्या एका मुलीला इंग्लंडला जाण्यापासून रोखण्यासाठी राज्यच न्यायालयात गेले. आत्महत्येच्या शक्यतेमुळे तिच्या जिवाला धोका आहे हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि ती बंदी उठवली. त्याच वर्षी मतदारांनी परदेशी जाण्याचे व तेथील सेवांची माहिती मिळवण्याचे स्वातंत्र्य घटनेत घातले. म्हणजे आयर्लंडमध्ये जे पाप आणि गुन्हा, ते समुद्र ओलांडला की घटनादत्त स्वातंत्र्य! २०१६ या एका वर्षात इंग्लंड-वेल्समधील दवाखान्यांत आयर्लंडचा पत्ता देऊन गर्भपात करवून घेणाऱ्या स्त्रियांची नोंद ३,२६५ आहे. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते किंवा ज्यांना व्हिसा हवा होता, त्या या आकड्यात नाहीत.

२०१८च्या मतपत्रिकेवर गर्भपात हवा की नको असा प्रश्न नव्हता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जुना मजकूर काढून त्या जागी 'गर्भ संपुष्टात आणण्याच्या नियमनासाठी कायद्याने तरतूद करता येईल' या अर्थाचे एक वाक्य घालावे काय, एवढेच विचारले होते. अर्थात, विषय घटनेतून काढून संसदेकडे, म्हणजे आपण म्हणता तसा साध्या कायद्याकडे, परत द्यायचा होता. मतदान ६४.१३ टक्के झाले, आणि ६६.४ टक्के मते बाजूने पडली. चाळीस मतदारसंघांपैकी एकट्या डोनेगलने नकार दिला. १९८३चे ६६.९ आणि २०१८चे ६६.४ हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एका पिढीने जेवढ्या मतांनी दार लावले, जवळजवळ तेवढ्याच मतांनी पुढच्या पिढीने ते उघडले. प्रत्यक्ष कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही २० डिसेंबर रोजी झाली आणि १ जानेवारी २०१९पासून बारा आठवड्यांपर्यंत, कारण न विचारता, पण तीन दिवस थांबण्याच्या अटीवर, ही सेवा देशातच मिळू लागली.

प्रश्न : सविता हलप्पनवार आमच्या बेळगावची. तिच्या मृत्यूमुळेच हा कायदा बदलला, असे आम्ही सर्वजण मानतो. हे खरे ना?
– एक वाचक भगिनी, बेळगाव

उत्तर : याचे 'होय' असे एका शब्दात उत्तर दिले तर ते आपल्याला आवडेल, पण ते पुरेसे खरे होणार नाही.

सविता दंतवैद्य होत्या, वय एकतीस. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी, सतराव्या आठवड्यात, त्या गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाल्या. गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले होते. त्यांनी गर्भपाताची मागणी केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असल्याने ती नाकारली गेली. आणि २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्ग रक्तात भिनून त्यांचा मृत्यू झाला. 'हा कॅथलिक देश आहे' हे त्यांना ऐकवले गेलेले वाक्य जगभर पोहोचले, आणि ते आपण उच्चारल्याचे एका वरिष्ठ सुईणीने पुढे मृत्यूच्या चौकशीत मान्य केले. तिने ते दटावणीसाठी नव्हे, तर इथे असे का आहे हे समजावण्यासाठी म्हटले होते, असे तिचे म्हणणे होते. मला विचाराल तर त्यामुळे ते वाक्य अधिकच अस्वस्थ करते.

या प्रकरणाच्या चौकश्यांत दोन गोष्टी पुढे आल्या. संसर्गाची लक्षणे वेळेवर ओळखण्यात आणि त्यांवर लक्ष ठेवण्यात रुग्णालय कमी पडले, ही एक. आणि कायद्याच्या संदिग्धतेमुळे डॉक्टर निर्णयासाठी ताटकळत राहिले, ही दुसरी. बदलाच्या विरोधकांनी पहिलीवर बोट ठेवले, समर्थकांनी दुसरीवर. वस्तुतः दोन्ही एकाच खाटेभोवती घडत होत्या. जिवाला धोका 'पुरेसा' कधी झाला हे ठरवण्यासाठी ज्या डॉक्टरला कायद्याचे पुस्तक आठवावे लागते, त्याचे घड्याळाकडे दुर्लक्ष होणारच.

त्यानंतर लगेच, २०१३ साली, जो कायदा झाला तो मात्र अगदी तोकडा होता : आईचा जीव जाण्याचा खराखुरा धोका असेल तरच गर्भपात, अन्यथा चौदा वर्षांपर्यंत कैद. म्हणून म्हणतो, की सविताच्या मृत्यूने कायदा बदलला असे सरळ म्हणता येत नाही. तिच्या मृत्यूने काय केले, तर 'समान हक्क' या शब्दांना एक चेहरा दिला. त्यापूर्वी या विषयावर बोलणाऱ्या स्त्रीला आधी स्वतःची कैफियत द्यावी लागे. सविताच्या बाबतीत कोणालाही बोट ठेवायला जागा नव्हती, कारण ती विवाहित होती, तिला ते मूल हवे होते, आणि ती ज्या देशातून आली होती तिथे १९७१पासून वैद्यकीय गर्भपाताचा कायदा होता. २०१८च्या मे महिन्यात बेळगावातून तिच्या आईवडिलांनी बदलाच्या बाजूने मत देण्याचे आवाहन केले. मतदानाच्या दिवसांत डब्लिनच्या पोर्टोबेलो भागातील एका भिंतीवर तिचे मोठे चित्र रंगवले होते, आणि मत देऊन आलेले लोक त्यावर छोट्या चिठ्ठ्या चिकटवून जात होते. बऱ्याच चिठ्ठ्यांवर क्षमायाचना होती. नव्या कायद्याला तिचे नाव द्यावे अशी आईवडिलांची इच्छा होती. ती मात्र पुरी झाली नाही.

प्रश्न : आपल्या उत्तरात 'नागरिक सभा' असा उल्लेख होता. नव्याण्णव सामान्य माणसांना गोळा करून त्यांना घटनेचा प्रश्न सोडवायला सांगणे, हा राजकारण्यांनी जबाबदारी झटकण्याचा प्रकार नव्हे काय?
– निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : होय, सुरुवातीला तसाच होता. आपली शंका तेथील वर्तमानपत्रांनीही तेव्हा बोलून दाखवली होती. वराडकरांच्या आधीचे पंतप्रधान एन्डा केनी यांच्या सरकारला हा निखारा हातात धरायचा नव्हता, म्हणून त्यांनी तो २०१६ साली नागरिक सभेच्या ओटीत टाकला. गंमत अशी, की त्या सभेने तो खरोखरच हातात धरला.

वय, लिंग, प्रदेश आणि सामाजिक स्तर यांचे प्रमाण साधून निवडलेले ९९ नागरिक, आणि अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लफॉय, अशी तिची रचना होती. डब्लिनच्या उत्तरेला मालाहाइड नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. क्रिकेटप्रेमी वाचकांना ते वेगळ्या कारणाने आठवेल, कारण आयर्लंडच्या पुरुष संघाचा पहिला कसोटी सामना मे २०१८मध्ये तिथेच झाला. त्या गावातील एका हॉटेलात हे लोक शनिवार-रविवारी जमत. आठव्या दुरुस्तीसाठी त्यांनी अशा पाच बैठका दिल्या. डॉक्टर, वकील, नीतिशास्त्राचे अभ्यासक आणि दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते यांची भाषणे झाली; ज्यांनी हे सोसले त्या स्त्रियांच्या कहाण्या ऐकवल्या गेल्या; लोकांकडून बारा हजारांहून अधिक निवेदने आली. बैठका जाहीर प्रक्षेपित होत असत, परंतु गोलमेजांवरची आपापसांतली चर्चा मात्र खासगी ठेवली होती, जेणेकरून एखाद्याला आपले मत बदलताना लाज वाटू नये. ही शेवटची व्यवस्था मला सर्वांत शहाणपणाची वाटते. आपल्याकडे मत बदलणाऱ्याला आपण 'पलटी मारली' म्हणतो.

एप्रिल २०१७मध्ये सभेने मतदान केले. ८७ टक्के सदस्यांनी ती दुरुस्ती जशीच्या तशी ठेवू नये असे म्हटले, आणि ६४ टक्क्यांनी, काही मुदतीपर्यंत, कारण न विचारता गर्भपाताची मुभा असावी असे सुचवले. राजकारणी हबकले, 'हॉटेलात बसून लोक वाहवले' असा सूर निघाला. मग संसदेच्या संयुक्त समितीने सिनेटर कॅथरीन नून यांच्या अध्यक्षतेखाली तेच पुरावे पुन्हा तपासले आणि डिसेंबर २०१७मध्ये बाराव्या आठवड्यापर्यंतची मुभा सुचवली. फियना फॉलचे नेते मीहॉल मार्टिन यांनी जानेवारीत आपले मन बदलल्याचे सभागृहात सांगितले, तेव्हा त्यांच्याच पक्षातले अर्ध्याहून अधिक खासदार विरोधात होते. आणि प्रत्यक्ष निकालात बाजूने पडलेली मते सभेच्या त्या ६४ टक्क्यांच्या अगदी जवळची निघाली. राजकारण्यांना आपल्या मतदारांविषयी जे ठाऊक नव्हते, ते चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्याण्णव जणांना वर्षभर आधी कळले होते.

आणखी एक गोष्ट आपल्याला शिक्षक म्हणून आवडेल. १९९५च्या एका निकालानुसार आयर्लंडच्या सरकारला सार्वमतात कोणत्याही एका बाजूच्या प्रचारासाठी सरकारी पैसा वापरता येत नाही. मंत्री स्वतः हिंडून प्रचार करू शकतात, आरोग्यमंत्री सायमन हॅरिस यांनी तो जोरात केला. पण पत्रके पक्षाच्या पैशातून. सरकारी पैशातून चालणाऱ्या निष्पक्ष आयोगाचे काम प्रश्न समजावून सांगण्याचे, उत्तर सुचवण्याचे नव्हे.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. ज्या देशातून आमच्याकडे एके काळी धर्मगुरू आणि जोगिणी येत, तो देश श्रद्धाच सोडून बसला, असे वाचून वाईट वाटले. पोप फ्रान्सिस त्याच वर्षी तिथे गेले होते. गर्दी का झाली नाही?
– एक वाचक, वसई

उत्तर : श्रद्धा सोडली असे म्हणायला आकडे साथ देत नाहीत. २०१६च्या जनगणनेत ७८.३ टक्के लोकांनी आपला धर्म कॅथलिक असा लिहिला होता. याचा अर्थ, मे २०१८मध्ये 'होय' म्हणणाऱ्यांत मोठा वाटा कॅथलिकांचाच होता; नुसत्या ९.८ टक्के निधर्मींच्या मतांवर ६६ टक्के होत नाहीत. त्यांनी देव सोडला नाही, धर्मगुरूंकडून मताचा सल्ला घेणे सोडले.

पोप २५ व २६ ऑगस्ट रोजी, जागतिक कुटुंब मेळाव्याच्या निमित्ताने, आयर्लंडमध्ये होते. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्या डब्लिनच्या फीनिक्स पार्कमधील मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, दहा लाखांहून अधिक लोक आले होते, म्हणजे देशातल्या तीन-चार माणसांमागे एक. २०१८मध्ये पाच लाख प्रवेशपत्रे गेली होती. आले दीड लाखाच्या आसपास. पाऊसवारा होता, लांबवर चालावे लागत होते, हे खरे. पण १९७९मध्ये लोक पहाटे दोनला उठून चालत गेलेच होते ना?

कारण मधल्या चार दशकांत दडलेले आहे. धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनी त्यांवर घातलेले पांघरूण. 'मॅग्डलीन' धोबीखान्यांत राबवलेल्या स्त्रिया. अविवाहित मातांची आश्रमगृहे. गॉलवे परगण्यातल्या ट्यूम गावी अशा एका गृहात १९२५ ते १९६१ या काळात दगावलेल्या ७९६ मुलांचे मृत्यूदाखले कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासप्रेमी बाईंनी एकेक करून मिळवले, पण त्यांच्या दफनाची नोंद सापडेना. तिथल्या जमिनीखाली बालकांचे अवशेष असल्याचे २०१७मध्ये सरकारी चौकशी आयोगाने जाहीर केले. पोप मिस्सा म्हणत होते त्याच दुपारी डब्लिनच्या स्मृती-उद्यानात अत्याचारग्रस्तांच्या बाजूने हजारो लोक जमले होते आणि ट्यूममध्ये त्या मुलांसाठी शांत पदयात्रा निघाली होती. आपल्याला खेद वाटतो तो मी समजू शकतो, पण ही माणसे श्रद्धेच्या विरोधात उभी नव्हती; ती उत्तर मागत होती. डब्लिन किल्ल्यातील स्वागतसमारंभात वराडकरांनी पोपसमोरच या संस्थांना राज्य, समाज आणि चर्च या तिघांवरचा डाग म्हटले. तिघांवरचा, हे महत्त्वाचे. स्वतः पोपनी पीडितांची भेट घेतली आणि मिस्साच्या प्रारंभी एकेक अपराध उच्चारून क्षमा मागितली.

त्या वर्षी दोन बदल असे झाले की ज्यांची परदेशी वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली नाही. १९२७पासून गुड फ्रायडेला मद्यगृहे बंद ठेवण्याचा जो कायदा होता तो उठला, आणि ३० मार्च २०१८ रोजी ती प्रथमच उघडी राहिली. दुसरा बदल शाळांचा. तिथल्या सुमारे नव्वद टक्के प्राथमिक शाळा कॅथलिक संस्थांच्या छत्राखाली असून त्यांचा खर्च सरकार करते. जागा कमी पडल्या की बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी प्रवेश मिळे. २०१८च्या प्रवेश कायद्याने कॅथलिक शाळांतील ती अट काढली. डब्लिनमधील हिंदू, मुस्लिम आणि निधर्मी आईबापांच्या दृष्टीने मे महिन्यातल्या सार्वमतापेक्षा हा बदल रोजच्या जगण्याशी अधिक जवळचा होता.

प्रश्न : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीबाबत त्याच वर्षी तिथे मोठा गदारोळ झाल्याचे आठवते. तो काय होता?
– परिचारिका, ठाणे

उत्तर : विकी फेलन या लिमरिकच्या स्त्रीची २०११ सालची तपासणी निर्दोष ठरवली गेली होती. २०१४ साली त्यांना कर्करोग निघाला. त्यानंतर तपासणी योजनेने जुन्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्या, पहिला अहवाल चुकीचा होता हे त्याच वर्षी लक्षात आले, आणि फेलन यांना ते कळले २०१७मध्ये. अमेरिकेतील टेक्सासच्या ज्या प्रयोगशाळेने ती काचपट्टी वाचली होती तिच्याशी २५ एप्रिल २०१८ रोजी उच्च न्यायालयात पंचवीस लाख युरोंची तडजोड झाली; परंतु गुप्ततेच्या अटीवर सही करायला फेलन यांनी ठाम नकार दिला, आणि म्हणूनच जुने अहवाल असेच चुकलेल्या इतर स्त्रियांनाही ते कळले. अशा स्त्रियांची संख्या पुढे २२१ झाली. आरोग्यसेवेच्या महासंचालकांना राजीनामा द्यावा लागला.

आपण या व्यवसायात आहात म्हणून एक भेद स्पष्ट करतो. चाळणी तपासणीत काही खोटे नकारात्मक अहवाल, म्हणजे दोष असूनही तो नाही असे सांगणारे, येतातच. सर्व २२१ प्रकरणांत हलगर्जी झाली असे नाही, आणि डॉ. गेब्रिएल स्कॅली यांच्या सप्टेंबरमधील अहवालानेही प्रयोगशाळांचा दर्जा साधारणपणे स्वीकारार्ह मानला. त्यांचा ठपका होता तो न सांगण्यावर : रुग्णाच्या शरीराविषयीची माहिती रुग्णाला द्यायची की नाही, हे इतरांनी आपापसांत ठरवले यावर. हे सगळे सार्वमताच्या अगदी शेवटच्या महिन्यात घडत होते. स्त्रियांच्या शरीराविषयीचे निर्णय कोणी घ्यावेत हा प्रश्न प्रचारसभेत ऐकून घरी आलेल्या माणसाला बातम्यांत पुन्हा तोच ऐकू येत होता. फेलन यांचे नोव्हेंबर २०२२मध्ये निधन झाले. रुग्णाला अशी माहिती देणे बंधनकारक करणारा कायदा २०२३ साली झाला.

प्रश्न : मी २०१६पासून डब्लिनमध्ये नोकरी करतो, कर भरतो. २०१८मध्ये दोन सार्वमते आणि राष्ट्राध्यक्षांची निवडणूक झाली. एकातही मला मत नव्हते. ईश्वरनिंदेच्या सार्वमतात तरी परकीयांना मत हवे होते, असे वाटत नाही का?
– एक मराठी अभियंता, डब्लिन

उत्तर : सार्वमत आणि राष्ट्राध्यक्षपद यांत फक्त आयरिश नागरिकांना मत असते. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत मात्र कोणत्याही देशाच्या रहिवाशाला मत देता येते, नोंदणी केली असेल तर. आपण केली आहे का? उलट बाजूही पाहा : परदेशी स्थायिक झालेल्या आयरिश नागरिकाला टपाली मत नाही, म्हणून मे २०१८मध्ये हजारो तरुण विमाने-बोटी पकडून मत द्यायला घरी आले.

२६ ऑक्टोबरचे ईश्वरनिंदेचे सार्वमत तुलनेने थंड होते. घटनेतला तो शब्द काढण्याच्या बाजूने ६४.८५ टक्के मते पडली. २००९च्या कायद्यात त्यासाठी २५,००० युरोंपर्यंत दंड होता, पण त्याखाली कोणाला शिक्षा झालेली नव्हती. त्याच दिवशी कवी-राजकारणी मायकल डी. हिगिन्स ५५.८ टक्के मतांनी पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. लक्ष मात्र दुसऱ्या क्रमांकाने वेधले : पीटर केसी हे उद्योजक चाचण्यांत एकदोन टक्क्यांवर रेंगाळत होते, त्यांनी ट्रॅव्हलर या तिथल्या भटक्या समाजाविषयी अनुदार विधाने केली आणि ते २३ टक्क्यांवर गेले. ट्रॅव्हलर समाजाला स्वतंत्र वांशिक गट म्हणून मान्यता मिळून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. २०१८च्या आयर्लंडला केवळ उदार म्हणून गौरवणाऱ्यांनी हा आकडाही टिपून ठेवावा. घरांच्या टंचाईविषयी आपण पत्रात लिहिले आहे ते खरेच आहे. त्या वर्षाच्या अखेरीस आपत्कालीन निवाऱ्यात राहणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या घरात होती, आणि तो प्रश्न कोणत्याही सार्वमताने सुटणारा नव्हता.

प्रश्न : ज्यांनी 'नाही' म्हटले त्यांचे काय? की एकदा शांत क्रांती झाली म्हणजे त्यांनी गप्प बसायचे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ७,२३,६३२ मतदार 'नाही' म्हणाले. मतदानोत्तर चाचण्यांप्रमाणे पासष्टीपुढचा हा एकच वयोगट बहुमताने विरोधात होता. गाव विरुद्ध शहर असे चित्र मात्र खरे नव्हते, कारण ग्रामीण भागातही बहुमत बाजूनेच होते. २०१५च्या समलिंगी विवाहाच्या सार्वमतात एकटा विरोधात गेलेला रॉसकॉमनचा भागही या वेळी 'होय' म्हणाला. विरोधकांचे म्हणणे कायद्यात अजिबात उतरले नाही असेही नाही : तीन दिवस थांबण्याची अट आणि विवेकाच्या कारणाने डॉक्टरला नकार देण्याची मुभा, या दोन्ही तरतुदी त्यांच्या चिंतेला दिलेली उत्तरे होती, आणि बदलाचे समर्थक आजही त्या अटीबद्दल कुरकुर करतात.

आणि ज्यांना वाटते की आयरिश मतदार आता एकाच दिशेने चालला आहे, त्यांच्यासाठी पुढची एक नोंद. ८ मार्च २०२४ रोजी वराडकरांच्याच सरकारने आणखी दोन घटनादुरुस्त्या मतदारांपुढे ठेवल्या : एक कुटुंबाची व्याख्या विवाहापलीकडे नेणारी, दुसरी स्त्रीच्या घरातील कर्तव्यांविषयीचा जुना मजकूर काढून त्या जागी घरात होणाऱ्या शुश्रूषेविषयीचा मजकूर घालणारी. प्रमुख पक्षांचा पाठिंबा होता, पण मसुदा घाईत केलेला आणि संदिग्ध होता, आणि नागरिक सभेने सुचवलेले शब्द सरकारने बदलले होते. पहिली ६७.७ टक्के मतांनी फेटाळली गेली, दुसरी ७३.९ टक्के मतांनी. निकाल त्याच डब्लिन किल्ल्यात जाहीर झाला, जिथे सहा वर्षांपूर्वी टाळ्या पडल्या होत्या.